लूमच्या घरात तनूचा श्वास

डॉक्टर मॅडमनी टीव्हीसारखा पडदा माझ्याकडे वळवला आणि बोटानं एक गुलाबी भोक दाखवलं. म्हणाल्या, "ही तुमच्या मुलीची श्वासनळी. आता बघा, ती श्वास सोडतेय."

भोक मिटलं. ओल्या कापडाचा वरचा पदर खालच्याला चिकटतो, तसं. मधे नुसती रेघ राहिली. मग तनूनं श्वास घेतला आणि रेघ पुन्हा उघडली.

"याला ट्रॅकिओमलेशिया म्हणतात," मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या अमरावतीकडच्या, म्हणून इंदूरच्या त्या दवाखान्यात माझ्याशी मराठीत बोलायच्या. "ट्रॅकिया म्हणजे श्वासनळी. मलेशिया म्हणजे मऊ पडणं. नळीला कुर्चेच्या कड्या असतात, त्यामुळे ती उघडी राहते. कुर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर लागतं ना, तसं मऊ हाड. हिच्या कड्या एका जागी फारच मऊ आहेत. श्वास सोडताना, रडताना, खोकताना नळी तिथं दबते."

परक्या माणसासमोर माझे शब्द घशातच राहतात, लहानपणापासून. मी पडद्याकडे बघत राहिले. इतके महिने माझ्या तळहाताला जे लागत होतं, ते आता डोळ्यांना दिसत होतं. आधी जीव हलका झाला. मग भीती वाटली, कारण ते मिटणारं भोक फारच लहान होतं.

हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे हात सावकाश चालतो. पण कधी कुणाच्या लेकराला असं झालं आणि हे त्या बाईच्या हाती लागलं, तर तिला समजावं म्हणून पहिल्यापासून सांगते.

तनू माझ्या माहेरी जसोंडीला झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्याकडे रीत. माहेरचं घर केळीच्या बागेला लागून आहे. दुपारी तिथं पान फाटलं तरी ऐकू येतं. तनू आठवड्याची असेल, तेव्हापासून तिच्या श्वासाला आवाज यायचा. घुर्र, घुर्र. दूध पिताना जास्त.

"होतानी पाणी गेलं असंन नाकातोंडात," माय म्हणाली. "निघून जाईन."

शेजारची काकू म्हणाली, "मांजरीवानी बोलते वं तुही पोर. दूध पाजतं का उंदीर?"

आम्ही हसलो. लेकरू दूध पीत होतं, हसत होतं, मग काळजी कशाची करायची.

सव्वा महिना झाल्यावर मी तिला घेऊन बुऱ्हाणपूरला सासरी आले. आमचं घर इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत चार लूम, मागं स्वयंपाकघर आणि आमची खोली. लूम म्हणजे विजेवरचे कापडाचे माग. ते चालू असले की भिंत हलते, तांब्यातलं पाणी थरथरतं आणि माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आमचे बंद झाले तरी शेजारचे चालूच असतात, कारण गल्लीत दोन पाळ्या चालतात.

आमच्या घरात म्हणून हातानं बोलतात. बोटं ओठाशी नेली की पाणी. तळहात खाली दाबला की बंद कर. दोन बोटं एकमेकांवर चोळली की धागा जोड, पुढं चालू दे. लग्न होऊन आले तेव्हा मला हे घर फार मानवलं. तोंड उघडायची गरजच पडत नव्हती.

तनूला आणून चार दिवस झाले असतील. सासूबाई माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "पाय, घुरघुर गेली का नाही? तुह्या माहेरच्या केळीतली ओल होती ती. आपल्या घरी आली अन् बरी झाली."

खरंच आवाज येत नव्हता. मी तिच्या छातीशी कान नेला तरी लूमचाच खटखटाट. सासूबाईंनी नणंदेला फोनवर सांगितलं, शेजारी सांगितलं, देवाला नारळ फोडला. माझ्या मायलाही कळवलं, थोड्या तोऱ्यातच. मायला वाईट वाटलं असेल, पण तीही म्हणाली, चांगलं झालं. आम्ही सगळे खूश होतो. आज हे लिहिताना विचित्र वाटतं, पण लूमच्या घरातल्या कुणालाही विचारा, तेही असंच खूश झाले असते.

मग एक दिवस तिला खांद्यावर घेऊन थोपटताना तळहाताला काहीतरी लागलं. बारीक थरथर. मला वाटलं लूमची असेल, इथं सगळंच थरथरतं. मी दुसरा हात जमिनीवर ठेवला. जमिनीची थरथर एकसारखी होती. तनूच्या पाठीची येत होती आणि थांबत होती. तिनं श्वास सोडला की थरथर, घेतला की नाही.

हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. पण या गोष्टीला आमच्या घरात खूण नव्हती.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते कळलं ते लाईट गेली तेव्हा. भर दुपारी अख्ख्या गल्लीची लाईट गेली. एकेक लूम थांबत गेला आणि गल्ली शांत झाली. हे पुढच्या खोलीत होते. त्यांना वाटलं एका मशीनचं काहीतरी अजून फिरतंय. त्यांनी एका लूमला कान लावला, मग दुसऱ्याला. मग मोटरवर हात ठेवला.

"लाईट गेली तरी हे काय चालू राहिलं?" ते मोठ्यानं म्हणाले. त्यांना मोठ्यानंच बोलायची सवय आहे.

मी मागच्या दारात तनूला घेऊन उभी होते. ते आवाजाच्या मागं मागं आले आणि माझ्यासमोर थांबले. तिच्याकडे बघितलं. तेलाचा हात लुंगीला पुसला आणि तिच्या छातीवर ठेवला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"थांबलंच नव्हतं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून आमचे दवाखाने सुरू झाले. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी सर्दी-कफाचं औषध दिलं. नंतर वाफ दिली. वाफ म्हणजे नेब्युलायझर, मशीनमधून औषधाचा धूर निघतो आणि लेकराच्या नाकातोंडावर मास्क धरायचा. तनू मास्क बघितला की रडायची आणि रडली की ओठ निळे पडायचे. थंडीत तिला न्यूमोनिया झाला, म्हणजे फुप्फुसात जंतू आणि पाणी. भरती केलं, बरी झाली, घरी आली, परत झाला. तिचा खोकला कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा येऊ लागला.

मग डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही असीरगडाचा घाट ओलांडून, खंडव्यावरून इंदूरला एका दवाखान्यात गेलो. तिथं ब्रॉन्कोस्कोपी केली. ब्रॉन्कोस्कोपी म्हणजे बारीक नळीच्या टोकाला दुर्बीण असते, ती घशातून श्वासनळीत घालून बघतात. लेकराला पूर्ण भूल दिली होती. तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळी नॉर्मल आहे, वाढेल तसा आवाज जाईल.

आम्ही परत आलो. नॉर्मल हा शब्द सासूबाईंनी पक्का धरला.

"डॉक्टरनं दुर्बिणीनं पायलं," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "काही नाही निघालं. हिनंच अंगाची सवय लावली पोरीले. खाली ठेवलं का रडते."

त्या वाईट नव्हत्या. दुर्बिणीवर विश्वास ठेवला, एवढंच. पण त्या शब्दानंतर मी एकटी पडले.

त्या महिन्यांबद्दल नीट लिहिते, कारण ज्या बाईवर ही वेळ येईल तिला दुसरं कुणी हे सांगणार नाही. माझ्या लेकराला रडू द्यायचं नव्हतं. रडलं की नळी मिटायची. लेकरू न रडता दिवस काढणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. भूक लागायच्या आधी पाजायचं. पाजताना मधे मधे थांबवायचं, पण थांबवलेलं तिला कळता कामा नये. लंगोट ओला व्हायच्या आधी बदलायचा. नणंदेनं बारशाला आणलेली झोळी खुंटीवर तशीच राहिली, कारण झोळीत मान वाकायची आणि श्वास जास्त अडकायचा. नणंद आली की खुंटीकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्या घरातली बाई लेकराला खाटेवर ठेवून चुलीपाशी जाते आणि कान तिकडे ठेवते. आमच्या घरात कान कामाचा नव्हता. तनूला काही झालं तर ते फक्त डोळ्यांनी किंवा हातानं कळणार होतं. म्हणून मी खोलीतून बाहेर जाऊ शकत नव्हते. भिंतीला पाठ लावून, तिला छातीवर उभी धरून, एक हात तिच्या पाठीवर. जेवण डाव्या हातानं. अंघोळीला गेले तर दार उघडं ठेवून, तिला समोर पाटावर ठेवून, डोक्यावर दोन तांबे ओतले की बाहेर. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला यायचा, तिथंही किती दिवस गेले नाही ते आठवत नाही. झोप लागली की हात सैल पडायचा, मग दचकून जागी व्हायची. चार भिंती हलत असायच्या आणि मी हलू शकत नव्हते.

कधी कधी वाटायचं, लेकरानं मला धरून ठेवलंय. मग तिच्याकडे बघितलं की कळायचं, तीही अडकलीच आहे.

हे जेवणाच्या सुट्टीत येऊन तिला घ्यायचे. त्यांच्या हाताला धागा कळतो, मशीन कळतं, पण तनूची थरथर त्यांना कळेना. म्हणायचे, "मले सगळंच हलतं वाटते. माह्या हाताचा भरवसा नको धरू." आणि थोड्या वेळानं परत द्यायचे.

एका सकाळी मी तिला पाजत होते. ती मधेच थांबली. खोकली नाही, रडली नाही, हातपाय ढिले पडले आणि तोंड राखेसारखं झालं. मी दारात धावले आणि तळहात खाली दाबला. यांनी माझं तोंड बघितलं आणि चारही लूम एकदम बंद केले. तिला उताणी धरली, हलवली, तोंडात हवा फुंकली. कधीतरी तिनं श्वास घेतला. रिक्षा गल्लीत उभीच होती. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्समधून इंदूरला पाठवलं, यावेळी लहान मुलांच्या दुसऱ्या दवाखान्यात.

तिथं तिच्या घशातून श्वासनळीत प्लॅस्टिकची नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला. व्हेंटिलेटर म्हणजे लेकराच्या वतीनं श्वास घेणारं मशीन. मशीनवर तनू गुलाबी दिसायची, शांत झोपायची. दोन दिवसांनी वाटलं बरी आहे, म्हणून नळी काढली. तासाभरात पुन्हा तीच गत. पुन्हा नळी. मुलांच्या अतिदक्षता विभागात फक्त आईला आत बसू देत, वडिलांनी काचेबाहेर थांबायचं.

तेव्हा या मॅडम आल्या. पोटावर, छातीवर मोठा छेद न घेता दुर्बिणीनं लहान मुलांची ऑपरेशनं करायच्या. त्यांनी सगळे कागद वाचले, मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"घरी काय व्हायचं?" त्यांनी विचारलं. "आवाज श्वास घेताना यायचा की सोडताना?"

मी काचेबाहेर उभ्या असलेल्या यांच्याकडे बघितलं. दवाखान्यात सगळं हेच बोलायचे. मॅडमनीही तिकडे बघितलं, पण यांना बोलावलं नाही. वाट बघत राहिल्या.

मग मी डाव्या हाताची मूठ पोकळ केली, नळीसारखी. उजवा तळहात त्यावर ठेवला. श्वास घेतला तेव्हा मूठ उघडी ठेवली. सोडला तेव्हा हळूहळू मिटली आणि वरचा हात थरथरवला.

"सोडताना," मॅडम म्हणाल्या.

मी मान हलवली. मग एकदम बोलायला आलं. म्हणाले, "रडली का पूर्ण मिटते. आधी दुर्बिणीनं बघितलं तेव्हा नॉर्मल सांगितलं होतं."

मॅडमनी मला समजावलं. "त्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. पूर्ण भुलेत मशीन हवा आत ढकलतं. त्या हवेनं मऊ नळीही फुगून उघडी राहते. आताही व्हेंटिलेटरवर ती बरी दिसते, ती त्यामुळेच. आपण हलकी भूल देऊन, तिचा श्वास तिलाच घेऊ देऊन बघू." ज्यांच्या लेकराची ही तपासणी होईल त्यांनी हे एक जरूर विचारावं, की बघताना लेकरू स्वतः श्वास घेत असेल का.

त्या तपासणीतच ते मिटणारं भोक दिसलं, जे मी सुरुवातीला लिहिलं. नंतर सीटी स्कॅन केला. त्यात शरीराचे आतले काप फोटोसारखे दिसतात. मऊ जागेच्या बरोबर पुढं हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी होती. तिला एऑर्टा म्हणतात. नळी आधीच मऊ, त्यात पुढून हिचा दाब.

मॅडमनी दोन रस्ते सांगितले. एक ट्रॅकिओस्टोमी. म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून तिथून नळी घालायची. लेकरू वाढून कड्या घट्ट होईपर्यंत, एक-दोन वर्षं, कदाचित जास्त. नळी कफानं बुजू शकते, म्हणून कुणीतरी सतत जवळ पाहिजे. आणि नळी असेपर्यंत रडण्याला बहुतेक आवाज नसतो.

मी ते ऐकलं आणि आमची खोली डोळ्यासमोर आली. लूम चालू, आणि आवाज नसलेलं लेकरू.

दुसरा रस्ता थोरॅकोस्कोपिक एऑर्टोपेक्सी. नाव अवघड आहे, काम समजण्यासारखं. डाव्या कुशीत तीन बारीक छेद. एकातून दुर्बीण, दोनातून हत्यारं. ती मोठी रक्तवाहिनी टाक्यांनी पुढं ओढून छातीच्या मधल्या हाडाला आतून बांधायची. ती पुढं सरकली की तिच्यामागची श्वासनळीची पुढची भिंतही ओढली जाते आणि नळी उघडी राहते. नळीला हात लावायचा नाही.

"धोका?" यांनी काचेच्या दाराशी उभं राहून विचारलं. मॅडमनी त्यांना दारापर्यंत बोलावलं होतं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "मोठी रक्तवाहिनी आहे. रक्तस्राव झाला तर छाती उघडावी लागेल. आणि यानंही पुरलं नाही तर गळ्याची नळी करावी लागेल. बहुतेक मुलांना यातलं काहीच लागत नाही, वाढतात तसं बरं होतं. पण हिचा श्वास दोनदा थांबलाय. मी वाट बघायला सांगणार नाही. तुम्ही दोघं ठरवा."

ठरवायचं कसं? तनूचं झोपेचं औषध कमी केलं होतं. ती माझं बोट धरून होती, मी हात काढला की चिडायची आणि मशीन ओरडायचं, म्हणून मला बाहेर जाता येईना. हे दारातून परत काचेबाहेर गेले. घरी फोन लावला. सासूबाई काय म्हणाल्या असतील ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. मग ते काचेला चिकटून उभे राहिले आणि हातानं बोलू लागले.

आधी छातीकडे बोट केलं आणि मान हलवली. भीती वाटते. मग घराची दिशा दाखवली. आई नको म्हणते. मग तळहात खाली दाबला. बंद करू का, ऑपरेशन नको म्हणू का?

समोरच्या खाटेजवळची सिस्टर थांबून बघू लागली. तिनं खरगोनच्या एका आईला हळूच विचारलं, "बेचारे दोनों गूंगे हैं क्या?"

ती खरगोनवाली आमच्याशी आधी बोलली होती. म्हणाली, "नहीं सिस्टर, बुरहानपुर के हैं."

मला तशातही हसू आलं. मी तनूकडे बघितलं. तोंडात नळी असल्यामुळे ती आवाज न करता रडत होती. नुसतं तोंड उघडं, कपाळाला आठ्या. बाकी आयांना असं रडणं बघवत नाही, कारण ऐकू येत नाही. मला ते वाचता येत होतं. ती दुखतंय म्हणून रडत नव्हती. चिडली होती.

मी मोकळा हात वर केला आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली. जोड. पुढं चालू दे.

काचेपलीकडून यांनीही तेच केलं. मॅडम परत आल्या तेव्हा मी त्यांना स्वतः सांगितलं. आवाज बारीक निघाला, पण सांगितलं.

ऑपरेशनच्या सकाळी तिला आत नेलं आणि माझे हात रिकामे झाले. मला ते कुठं ठेवावे कळेना. प्रतीक्षालयात लोखंडी बाकं होती. सासूबाई बुऱ्हाणपूरहून पहिल्या गाडीनं आल्या होत्या, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. माझ्याजवळ बसल्या. भाकरीचं फडकं सोडलं. मग म्हणाल्या, "मले तं खरंच वाटलं होतं का गेली घुरघुर."

"मलाही वाटलं होतं," मी म्हणाले.

"खाय दोन घास. तुले दूध यायला पाहिजे."

दार उघडलं की सगळे उठायचे. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव. तिथं बसून माणूस कशाचा विचार करतो? मी करत होते तो असा, की आत्ता तिच्या पाठीवर कुणाचा हात असेल.

मॅडम आल्या तेव्हा मास्क गळ्यात होता. "रक्तवाहिनी बांधली. छाती उघडावी लागली नाही. आम्ही टाके ओढत होतो तेव्हा दुसरे डॉक्टर दुर्बिणीनं नळी आतून बघत होते. प्रत्येक टाक्याला ती उघडत गेली." त्यांनी बोटांनी भोक दाखवलं. पूर्ण गोल नव्हतं, थोडं चपटं. "एवढं पुरेल. आता नळी निघाली की खरं कळेल."

नळी काही दिवसांनी काढली. मॅडम, भुलीचे डॉक्टर, सिस्टर, सगळे उभे. तनू खोकली, तेच भुंकणं. मग रडायला लागली. घशातून आधी नुसती हवा निघाली, मग घोगरा आवाज, मग खरं रडणं. मी तिला उचलायला झेपावले, सवयीनं.

मॅडमनी माझा दंड धरला. "रडू दे. बघ तिच्याकडे."

ती रडत होती आणि लाल होत होती. ओठ लाल, जीभ लाल. निळं कुठंच नव्हतं. आयुष्यात मी लेकराचं रडणं तेवढं कधी ऐकलं नव्हतं. काचेबाहेर सासूबाई पदर तोंडाला लावून होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते. भुंकणारा खोकला लगेच गेला नाही. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, कड्या मऊच आहेत, फक्त त्यांच्यावरचा दाब गेला. खोकला वर्षभर राहील, घाबरायचं नाही. कफ साठू नये म्हणून पाठ कशी थोपटायची ते शिकवलं. सर्दी झाली तर लवकर दाखवायचं. आणि मी माझ्या अनुभवाचं एक सांगते. ज्यांच्या घरात मशीनचा आवाज आहे, त्यांनी लहान लेकराला अधूनमधून शांत जागी नेऊन त्याचा श्वास ऐकावा. शेतात न्यावं, नदीवर न्यावं.

मॅडमचे, त्या सिस्टरचे, खरगोनवालीचे उपकार मी मोजू शकत नाही. खरगोनवालीचा मुलगा बरा झाला का ते मला कळलं नाही. त्याची आठवण रोज येते.

लेकरू बरं झालं तरी मी लगेच सुटले नाही, हेही लिहायला पाहिजे. घरी आल्यावरही मी त्याच भिंतीला पाठ लावून बसायची. तनू खाली ठेवली तर खेळायची, पण माझा हात तिच्याकडे जायचा. तिला पाठीवर हात नको असायचा. ती पालथी पडून पुढं सरकायची आणि मी मागं मागं. हे म्हणायचे, "तिले सोडलं डॉक्टरनं. तुले कोण सोडंन?" हसत म्हणायचे.

मागच्या आठवड्यात दुपारी मी भाकऱ्या करत होते. चारही लूम चालू होते. तनू आता चालते. ती मागच्या खोलीत होती, मधे भिंत. तिचं काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मी एक भाकरी थापली आणि नेहमीसारखी उठायला लागले. तव्यावरची करपेल म्हणून बसले. मग दुसरी थापली. मग तिसरी. परातीतलं पीठ संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी एकदाही उठले नाही.

तेव्हा गेले. तनू जमिनीवर झोपली होती, उताणी, हात दोन्हीकडे फेकलेले, तोंड थोडं उघडं. मी वाकले आणि तिच्या छातीवर हात ठेवायला नेला. हाताला ज्वारीचं पीठ होतं. तिची छाती वर आली, खाली गेली, वर आली.

मी हात मागं घेतला आणि धुवायला गेले.